नमुना क्रमांक चार

बाटलीचं तोंड प्रवाहाच्या दिशेनं धरावं,
असं पुस्तिकेत छापलंय.
पण सिंदफणा जिथं धरणात शिरते
तिथं प्रवाह कुठला अन् दिशा कुठली.
थर्माकोलच्या तराफ्यावर गुडघे मुडपून
मी सोजरबाईकडं बघते.
ती पाण्यात टाच सोडते, जरा थांबते.
"हितलोक नदी," म्हणते. "फुडं सरकारचं."

भाद्रपदात पाणी चहाच्या रंगाचं.
वरच्या शिवारांतला युरिया,
कपाशीला दिलेला, उसाला दिलेला,
कुणाच्याच अंगी न लागलेला,
ओघळीतून, नाल्यातून
गुपचूप उतरत आलेला.
नळीत औषध टाकलं की रंग चढतो,
पिवळा, अजून पिवळा,
मी रकान्यात लिहिते:
नायट्रेट, अकरा पूर्णांक दोन.

कार्तिक सरता सरता तोच आकडा निम्मा.
पौषात पट्टकादंब येतात हिमालय ओलांडून,
रात्री कुणाच्या तरी हरभऱ्यात चरतात,
दिवसा पाण्यावर बसून सगळं सोडून देतात.
तरी आकडा चढत नाही.
"गेलं कुठं?" साहेब विचारतात,
जसं मीच वाटेत कुठं उतरवून घेतलं.

थोडं शेवाळानं खाल्लं साहेब,
शेवाळ चिलापीनं,
चिलापी सोजरबाईनं माजलगावात विकली, किलोवर.
थोडं बेशरमीच्या मुळ्यांत.
उरलेलं गाळात,
जिथं हवा पोचत नाही,
तिथं डोळ्यांना न दिसणारे जीव
नायट्रेटमधला प्राणवायू ओरबाडून जगतात
आणि मोकळं झालेलं नत्र सोडून देतात.
बुडबुडा.
वर येतो, फुटतो.
आभाळाचं होतं ते आभाळाला.
पावती नाही, सही नाही,
माझ्या वहीत नुसती घट.

माघात पाणी हटतं, त्याच्या मागोमाग गाळपेर.
सोजरबाईचा जावई रखमाजी
भेगाळल्या गाळात बोटानं भोक पाडतो,
खरबुजाची बी सोडतो, पुढं सरकतो.
खत?
"कशाला? टाकलंय की धरणानं."
वर ज्यांनी पैसे मोजले
त्यांची नावं त्याला ठाऊक नाहीत.
खरबूज गोड निघतं.

वैशाखात चार नंबरला अडीच पुरुष पाणी.
तळाचा नमुना ओढून बूच काढलं
तसा वास भस्सकन नाकात, गोठ्याचा.
अमोनिया तिप्पट.
मी यंत्रावर संशय घेतला,
बाटली तीनदा विसळली, पुन्हा सोडली.
तेवढाच.
पाणी असं तापलं की तळाला हवा उरत नाही,
मग गाळ साठवलेलं परत करू लागतो,
एवढं मला ठाऊक होतं.
सोजरबाईला दुसरंच ठाऊक होतं.

"हितं खाली आमचा उकिरडा हाय," ती म्हणाली.
"जुन्या गावचा. मह्या सासूचा, तिच्या सासूचा.
उठा म्हणले तवा
लाकडं नेली, दारं नेली,
मारुती सुदिक उचलला गाडीत.
उकिरडा कोण नेतंय, मॅडम?"

इतक्या वर्षांत ते शेण केव्हाच
पाणी झालं असेल, मासळी झालं असेल,
पट्टकादंबाच्या पंखात बसून
पार तिबेटातही गेलं असेल,
असं मी सांगणार होते.
नाही सांगितलं.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात लिहिलं: तळाशी सेंद्रिय पदार्थ.
तारीख. वेळ. सही.

परतताना तराफ्याच्या मागं
एक बुडबुडा उठला.
मग चार-पाच, एकदम.
सोजरबाईनं बांबू पाण्यातून काढून आडवा धरला,
घरातून कुणी बाहेर पडताना
आपण बाजूला सरकतो,
तसा.